हिवाळी डे कॅम्पचे आठ रविवार: पैसे वसूल झाले का?

दिवाळीची सुट्टी संपता संपता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठ रविवार, सकाळी न्यायचं आणि संध्याकाळी आणून सोडायचं. ट्रेक, रॅपलिंग (दोराच्या आधाराने कडा उतरणं), पक्षी, समुद्रकिनारा. फी १२,८००, म्हणजे रविवारी सोळाशे. आमची लेक सातवीत, रविवारी बारापर्यंत लोळणार आणि मग मोबाईल. नवरा म्हणाला, "एवढ्यात आपण तिघं महाबळेश्वरला जाऊन येऊ." मी तरी भरले. आता जून लागलाय, आणि बिल्डिंगमधल्या दोघीतिघी विचारतायत म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

संस्थेचं नाव लिहीत नाही. माझ्या तक्रारी त्यांना थेट कळवल्यात. शिवाय या क्षेत्रात प्रशिक्षक आज इथे तर उद्या तिथे, त्यामुळे नावापेक्षा त्या रविवारी सोबत कोण येणार, हे विचारलेलं बरं.

जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो रॅपलिंगचा होता आणि सगळ्यात कमी हाती लागलं तेही रॅपलिंगमध्येच. लेकीच्याच शब्दांत, "तीन तास उन्हात रांग, चार मिनिटं दोरावर." हेल्मेट मोठं, सारखं डोळ्यांवर येत होतं. पण रांगेत उभ्या मुलांना एका दादाने गाठी शिकवल्या, आणि ते मात्र टिकलं. दुसऱ्या दिवशी दप्तर खिडकीच्या ग्रीलला 'फिगर ऑफ एट'ने, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराच्या गाठीने, बांधलेलं होतं आणि मला ते सुटता सुटेना. बोलाइन, म्हणजे ओढला तरी न आवळणारा फास, ती आता डोळे मिटून मारते.

पहिला रविवार कान्हेरीच्या लेण्यांचा. ती बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये आहेत आणि ते पार्क आम्ही दहादा पाहिलंय, त्यामुळे मी मनातून नाराजच होते. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, पण शाळेची सहल चैत्यगृह दाखवते, फोटो काढते, परत. इथे मुलांना एकच काम दिलं: पाणी कुठून येतं ते शोधा. कातळात बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्यात, त्या पावसाचं पाणी भिक्षूंच्या विहारांशेजारच्या टाक्यांत सोडतात. शिलालेखांत अशा टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. लेकीने वहीत एका पन्हळीचा उगमापासून टाकीपर्यंत नकाशा काढला. घरी आल्यावर तिने बाबांना विचारलं, आपल्या गच्चीवरचं पाणी कुठे जातं? बाबांना सांगता आलं नाही. मलाही नाही.

माझ्या मते सगळ्यात भारी दिवस वांद्र्याच्या कार्टर रोडजवळच्या समुद्रातल्या खडकांवरचा. निरोप आला, "या रविवारी दुपारी साडेतीनला या." मी वैतागले, दिवसभराचा कॅम्प असा अर्धाच कसा? मग कळलं, वेळ समुद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत पाणी संध्याकाळी खूप आत जातं, आणि ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. खडकावर एक कोळी मावशी कालवं फोडत होत्या. मुलांनी घेरलं तशा त्या हातातलं हत्यार बाजूला ठेवून म्हणाल्या, "आज उधाण हाय, म्हनून एवढा खडक उघडा पडलाय. भांगाला आलात तर निम्मापन दिसायचा नाय." उधाण म्हणजे नुसत्या मोठ्या लाटा नव्हेत, तर अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या सुमाराच्या छोट्या भरती-ओहोटीला भांग असा जोडीचा शब्द आहे, हे मला मुंबईत जन्मून चाळिशीत कळलं. डबक्यांमध्ये दुसऱ्याच्या शंखात घर केलेले खेकडे होते, बोट लावलं की मिटणारी समुद्रफुलं होती. प्लास्टिकही भरपूर होतं, ते सांगायला हवंच. लेकीच्या तळव्याला कालवाची धार लागली, कारण ती चपला घालून गेली होती. सूचनेत बूट लिहिलेले होते. चूक आमची.

फ्लेमिंगो दुर्बिणीतून पाहून झाले, छान. चोच उलटी धरून खातात, एवढं लक्षात राहिलं.

जानेवारीत पेब, म्हणजे माथेरानजवळचा किल्ला. पहाटेची कर्जत लोकल, नेरळला उतरून पोहे. मी लोकरी टोपीसुद्धा बॅगेत कोंबली होती. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश होतं हे आमच्याकडे आजोबा दर हिवाळ्यात ऐकवतात, त्याचा परिणाम. नऊ वाजता स्वेटर कमरेला बांधलेला फोटो आला. तेव्हा थरांत कपडे द्या, जाडजूड नको. सेंट आणि डिओ अजिबात नको, आग्यामोहोळ असू शकतं. बूट घेताना तळवा बघा. शाळेचे स्पोर्ट्स शूज घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, बर्फावर असल्यासारखे सरकतात.

घोळ पेबलाच झाला. कबूल केलं होतं आठ मुलांमागे एक प्रशिक्षक. त्या दिवशी चौतीस मुलं आणि तिघे जण, त्यातले दोघे नवीन. रविवार असल्यामुळे लोखंडी शिडीपाशी इतर ग्रुपची गर्दी, तिथे दीड तास गेला. उतरताना गडावरून माथेरानच्या मिनी ट्रेनच्या रुळांकडे वाट जाते, तिथे पोचेपर्यंत पाणी संपलं. पाच मुलांनी मिळून एक बाटली पुरवली. लेक हे पराक्रम म्हणून सांगते, मी नाही ऐकू शकत. आणखी एक, जे कोणी लिहीत नाही: त्या दिवशी एकही ताई सोबत नव्हती. बारा-तेरा वर्षांच्या मुली आहेत, वाटेत शौचालय नाही, पाळी कधीही येऊ शकते. मी फोन केला तर "पुढच्या वेळी बघतो." पुढच्या दोन्ही रविवारी खरंच एक ताई आल्या, हेही लिहिते.

तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. मुलं किती आणि मोठे किती. ताई येणार का. आणि दोरावर मुलाला मुख्य दोराशिवाय सुरक्षेचा दुसरा दोर असतो का. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलं, त्यात आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी क्रमांक मागितला की कोण गडबडतं ते लगेच दिसतं.

पूर्ण आठचं पॅकेज मी पुन्हा घेणार नाही. सुटे रविवार देतात, थोडे महाग पडतात, पण कान्हेरी आणि खडक यांना मी दोन हजारही देईन. रॅपलिंगला चारशेसुद्धा नाही.

मे महिन्यात आजोळी विहिरीत कळशी पडली. मामा गळ शोधत गोठ्यात गेला, तोवर लेकीने रहाटाच्या दोराला बोलाइन मारून जुना आकडा अडकवला आणि तिसऱ्या फेरीत कळशी वर. मामाने ती गाठ दोनदा सोडवून पुन्हा बांधून घेतली.

ट्रेकचे बूट आत्ताच एक नंबर लहान झालेत. नवे नोव्हेंबरपर्यंत घेणार नाही, तोवर आणखी एक नंबर वाढेल.