मदेराच्या घरभाड्यात १,४८० युरो गेले, इन्स्टंट ट्रान्सफर करायच्या आधी वाचा

'एवढा शिकलेला, जर्मनीत राहतो आणि असा फसला' हे म्हणणार असाल तर आमच्या घरात सगळ्यांचं म्हणून झालंय, नव्याने नको.

आई-बाबा नाशिकहून येणार होते, म्हणून थर्टीफर्स्टला पोर्तुगालचं मदेरा बेट ठरवलं. तिथल्या फुंशाल शहराच्या खाडीवरची आतषबाजी २००६ मध्ये गिनीजमध्ये गेलेली, त्यामुळे त्या आठवड्यात डोंगरउतारावरची व्ह्यूवाली घरं परवडतच नाहीत. आणि एका साईटवर ७ रात्रींचे १,१८० दिसले, वर ३०० डिपॉझिट. स्वस्त होतं पण फुकट नव्हतं हो, म्हणून तर शंका आली नाही!

घर देणारी म्हणवणारी बाई व्हॉट्सॲपवर आली (तिथेच ब्लॉक करा, पुढचं वाचूही नका). बोलणं इतकं पक्कं की काय सांगू. पिको दो आरिएइरो शिखरावर १,८१८ मीटरवर थंडी असते, आईंना जॅकेट घ्या म्हणाली. वाऱ्यामुळे तिथली विमानं वळवतात हे खरंच आहे, तर तशी रात्र हुकली तर त्या रात्रीचे पैसे परत म्हणाली. चोर एवढी काळजी करतो का?

पैसे पाठवताना बँकेच्या ॲपने लाल पट्टी दाखवली, नाव आणि आयबॅन (खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर) जुळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून ही तपासणी आलीय, आणि मी ती पट्टी बघून, तिला विचारून, 'मॅनेजमेंट कंपनीचं खातं आहे' हे ऐकून, पुढे जा दाबलं. आयबॅन एलटीने सुरू होणारा, म्हणजे लिथुआनिया, पोर्तुगालचा पीटीने होतो. पण आजकाल अर्ध्या ॲपवाल्या बँकांची खाती तिकडचीच असतात, मग काय प्रत्येकाला चोर म्हणायचं? बायको मागून म्हणाली, उद्या कर. रात्री झोपताना तेवढंच वाक्य ऐकू येतं.

चार दिवसांनी टुरिस्ट टॅक्सचे २४० मागितले. फुंशालला माणशी रात्रीचे २ युरो आहेत, चौघांचे ७ रात्रींचे ५६ होतात! तेव्हा कुठे तिने दिलेला एएल नंबर, म्हणजे घराचा नोंदणी नंबर, सरकारी रजिस्टरमध्ये टाकला. पोर्तुगालमध्ये पर्यटकांना भाड्याने देणाऱ्या अशा घराला हा नंबर लागतो, शोधायला फुकट, दोन मिनिटांचं काम. निघाला पोर्तुगालच्या दक्षिणेकडचा, अल्गार्व्हमधला भलताच फ्लॅट.

आता बँक. तुम्हाला वॉर्निंग दिली होती, तुम्हीच ऑथराईज केलंत, इन्स्टंट परत येत नाही. रिकॉलचा, म्हणजे पैसे परत मागवायचा, प्रयत्न करतो म्हणाले आणि त्याचे १५ युरो कापले, वर पत्र आलं की समोरच्या बँकेने नकार दिला. अरे, ज्याच्या खात्यात गेले त्यालाच विचारणार होतात का, बाबा देतोस का म्हणून? साईटवाले म्हणतात पेमेंट आमच्याबाहेर झालं, विषय संपला. पोलिसांत ऑनलाइन तक्रार केली, तर सगळे स्क्रीनशॉट प्रिंट काढून आणा म्हणाले. तिकडे मदेराला फोन केला तर जिथे राहता तिथेच करा. इथले म्हणतात खातं लिथुआनियाचं. शेवटी केस बंद, आरोपी सापडला नाही. शोधला कधी होता? आयबॅन हातात दिला होता मी!

घराचे फोटो रिव्हर्स सर्च करा, आमचे एका खऱ्या हॉटेलचे निघाले. आणि कार्डानेच भरा, कार्डाचे पैसे मागता तरी येतात.

तिकिटं रिफंडेबल नव्हती. मदेरातल्याच मशिकू गावात एक साधं हॉटेल मिळालं, १,९१० युरो, आणि आतषबाजी बघायला तिथून बसने जायचं. बाबांना भाडं वाढलं एवढंच सांगितलंय, तुम्हीही बोलू नका.