कॉलेज स्टेशनमध्ये स्टेक खायला कुठे जायचं: टेक्सास रोडहाउस, सॉल्टग्रास की आउटबॅक?

कॉलेज स्टेशन गावातल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पदवीदान जवळ आलं की इथली मराठी मुलं एकमेकांना हमखास एक प्रश्न विचारतात. आई-बाबा भारतातून आलेत, टेक्सासमध्ये येऊन स्टेकहाउस बघितलं नाही असं नको व्हायला, तर त्यांना नेऊ कुठे? उत्तर मांसाच्या दर्जावर जितकं अवलंबून आहे, त्याहून जास्त टेबलावर कोण बसणार आहे यावर आहे.

मित्रांची टोळी असेल तर डोळे झाकून टेक्सास रोडहाउस. नाव टेक्सासचं असलं तरी याचं पहिलं दुकान १९९३ मध्ये इंडियानात निघालं. पण त्याने काही बिघडत नाही. बसल्या बसल्या गरमागरम पाव आणि दालचिनीचं लोणी येतं, तेही फुकट आणि मागाल तितकं. भुकेल्या विद्यार्थ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. आत शिरताना काचेच्या कपाटात कच्चे स्टेक मांडलेले दिसतात, त्यातला आपला तुकडा आपण निवडू शकतो. तिघांत खिशाला सगळ्यात हलकंही हेच. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी लवकर गेलात तर ठरावीक पदार्थ आणखी स्वस्त मिळतात. वेळ मात्र आधी विचारून घ्या.

अडचण आवाजाची आहे. कंट्री संगीत जोरात, मधेच वाढपी मंडळी रांगेत उभी राहून नाचतात, कुणाचा वाढदिवस असेल तर त्याला खोगिरावर बसवून अख्ख्या हॉलकडून आरोळी ठोकून घेतात. विशीतल्या मुलांना धमाल वाटते. वीस तासांचा प्रवास करून आलेल्या साठीतल्या बाबांना समोरच्या मुलाचं बोलणंही ऐकू येत नाही. शिवाय इथे टेबल राखून ठेवत नाहीत, फक्त ऑनलाइन नंबर लावता येतो. पदवीदान होतं त्या रीड अरीना सभागृहातून एकाच वेळी हजारो कुटुंबं बाहेर पडतात, त्या संध्याकाळी तो नंबर पुढे सरकता सरकत नाही.

म्हणून आई-बाबांसाठी माझं मत सॉल्टग्रासच्या बाजूने आहे. हे खरं टेक्सासचं: १९९१ मध्ये ह्यूस्टनला सुरू झालं, आणि नाव घेतलंय गुरं चारायला किनाऱ्याकडच्या खाऱ्या गवताच्या कुरणांत नेण्याच्या जुन्या वाटेवरून. दगड, लाकूड, मंद दिवे, बसायला ऐसपैस. इथलं मांस सर्टिफाइड अँगस, म्हणजे आत चरबीचे बारीक धागे ठरावीक प्रमाणात असलेलंच. रिबआय (बरगडीजवळचा चरबीदार तुकडा) घेतला तर फरक पहिल्या घासाला कळतो. बिल रोडहाउसपेक्षा चढं येतं, पण निवांत बोलायला मिळतं, आणि पदवीच्या दिवशी तेच हवं असतं. मोठा गट असेल तर आधी फोन करा.

आउटबॅकबद्दल फार लिहीत नाही. ऑस्ट्रेलियाचा देखावा, पण १९८८ साली फ्लोरिडातल्या टॅम्पात सुरू झालेली साखळी. फुलासारखा उमलवून तळलेला अख्खा कांदा ही तिची ओळख. तो एकदा खावा. स्टेक ठीकठाक. बाकी दोन ठिकाणी गर्दी असेल तर इथे जायला हरकत नाही.

कुठेही जा, जेवणाचा अनुभव बिघडतो तो ऑर्डर देताना. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तिकडे बीफ म्हणून खाल्लं जातं ते म्हशी-रेड्याचं. स्टेकशी आपली ओळख बहुधा पुण्याच्या कॅम्पातल्या सिझलरमधून: कोबीच्या पानावर चर्र करत येणारं मांस, वर सॉस, बाजूला फ्राइज. इथे पांढऱ्या ताटात नुसता तुकडा येतो, मीठ-मिरी लावलेला, आतून गुलाबी. ते बघून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. ताटात उतरणारा लाल रस रक्त नसतो, स्नायूंतल्या मायोग्लोबिनचा तो रंग. अमेरिकन कृषी खात्याची शिफारस आतून ६३ अंश सेल्सियस आणि नंतर तीन मिनिटं विसावा अशी आहे, ते साधारण मीडियम, म्हणजे मध्यम शिजलेलं. ज्यांना गुलाबी अजिबात चालत नाही त्यांनी फिले (कमरेच्या आतला मऊ तुकडा) मागवू नये. त्यात चरबी फार कमी असते, पूर्ण शिजवला की कोरडा पडतो आणि पैसे वाया. त्यांनी रिबआय घ्यावा आणि वेल डन, म्हणजे पूर्ण शिजवलेला, सांगावा. चरबीमुळे तो ओलसर राहतो. पहिल्यांदाच खाणाऱ्याला सहा औंसांचा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमचा सरलॉइन पुरतो. ताट आलं की वाढपी मधोमध कापून बघायला सांगतात. तेव्हाच बघा. कमी शिजलेला स्टेक पुन्हा विस्तवावर जातो, जास्त शिजलेल्याला इलाज नाही. परत पाठवायला संकोच करू नका, इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही.

बीफ न खाणाऱ्यांसाठी तिन्हीकडे चिकन आणि मासे आहेत. शाकाहारी आईची मात्र खरी पंचाईत होते. रोडहाउसमध्ये चार भाज्यांचं ताट मिळतं, पण घेवड्याच्या शेंगांत बेकन असतं, मिरचीच्या रश्श्यासारखं दिसणारं चिली म्हणजे बीफच. भाजलेला बटाटा, रताळं, उकडलेली भाजी हे सुरक्षित. स्टेकहाउसमध्ये तळण कधीकधी गाईच्या चरबीतलं असतं, म्हणून फ्राइज आणि तो प्रसिद्ध कांदा मागवण्याआधी स्पष्ट विचारा. पक्कं शाकाहारी कुणी बरोबर असेल तर माझा आग्रह आहे की स्टेकहाउस मित्रांबरोबरच करा, आईला दुसरीकडे न्या. तिने सगळ्यांसमोर नुसता बटाटा खात बसावं हे बरं नाही.

तारीख निवडताना फुटबॉलचं वेळापत्रक बघा. विद्यापीठाच्या काइल फील्ड या फुटबॉल स्टेडियमची क्षमता १,०२,७३३ आहे. घरच्या सामन्याच्या शनिवारी गावात कुठेच धड जेवायला मिळत नाही.

आणि हिशोब मेन्यूतल्या आकड्यावर करू नका. त्यावर ८.२५ टक्के विक्रीकर लागतो आणि १८ ते २० टक्के टिप द्यायची असते. टेक्सासमध्ये टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर रोख दिले तरी कायद्याने चालतं. बाकीची कमाई टिपेतूनच व्हायची असते. चार जणांचं बिल शंभर डॉलर दिसत असेल तर सव्वाशेच्या वर धरून चाला.