लुकलुकणारी सीलिंग स्ट्रिप: 12 व्होल्टवरच ठेवावी की 24 घ्यावी?

फॉल्स सीलिंगच्या खाचेतली एलईडी स्ट्रिप लुकलुकायला लागली की इलेक्ट्रिशियन दोन मार्ग सांगतो: आहे ती 12 व्होल्टची दुरुस्त करा, नाहीतर सगळं काढून 24 ची टाका. मी दोन वर्षं पहिल्या मार्गानं गेलो, मग दुसऱ्यावर आलो. त्यामुळे माझं पारडं थोडं झुकलेलं आहे, हे आधीच सांगतो.

लुकलुक कसली आहे ते मात्र अगोदर बघा, कारण दर वेळी व्होल्टेज बदलायची गरज नसते. सगळी स्ट्रिप एकदम, सेकंदा-सेकंदाला लागत-विझत असेल तर बहुधा ड्रायव्हरवर, म्हणजे घरातली वीज 12 किंवा 24 व्होल्टवर आणून स्ट्रिपला देणाऱ्या डबीवर, लोड जास्त झालाय. तो स्वतःला वाचवायला बंद होतो आणि पुन्हा चालू होऊन बघतो. शंभर वॅटच्या स्ट्रिपला शंभरचाच ड्रायव्हर लावून तो पीओपीच्या पोटात कोंडला की हे व्हायचंच. सव्वाशेचा लावा, त्याला हवा लागू द्या. डिमर खाली केल्यावरच फडफड होत असेल तर डिमरचं आणि ड्रायव्हरचं जमत नाहीये. आणि एका जागेपासून पुढचाच भाग लुकलुकत असेल तर दोष त्या जोडात.

माझा दोष तिथेच होता. टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात पाच मीटरचा एक रोल संपून दुसरा सुरू व्हायचा, मध्ये दाबून बसवायची प्लास्टिकची क्लिप. आई संध्याकाळी नेमकी त्याच कोपऱ्याखाली पोथी वाचायला बसते. "अरे, तुझा दिवा परत नाचायला लागला बघ," अशी हाक आली की मी स्टुलावर चढायचो, क्लिप बोटानं दाबायचो, उजेड स्थिर व्हायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसरी क्लिप काढली तेव्हा आतला पत्रा काळा पडला होता आणि प्लास्टिकवर तपकिरी डाग होता. तो डाग पाहिला आणि माझं ठरलं.

मीटरला दहा वॅट धरले तर दुसऱ्या रोलचे पन्नास वॅट. 12 व्होल्टवर हे चार अँपिअरच्या वर जातात, आणि ते सगळे त्या चिमुकल्या क्लिपमधून. 24 वर करंट निम्मा होतो आणि त्याच जोडात तापणं पाव होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 24 ची स्ट्रिप दहा मीटरच्या अखंड रोलमध्ये मिळते. कोपऱ्यात तिला हलका बाक देऊन वळवली, म्हणजे जोडच उरला नाही. 12 वर दूरचं टोक मंद दिसायचं, त्याला ड्रायव्हरपासून वेगळी वायर ओढा म्हणाले होते. तयार पीओपीत ते फोडाफोडीचं काम. नव्या स्ट्रिपची दोन्ही टोकं माझ्या डोळ्यांना तरी सारखीच दिसतात.

12 ला नावं ठेवायला मात्र माझं मन होत नाही. तिचा ड्रायव्हर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, ती बॅटरीवर चालते, आणि तीन-तीन एलईडींवर कापता येते. 24 सहसा सहा-सहावर कापावी लागते, त्यामुळे शेवटी दोन-चार बोटं जागा अंधारी राहू शकते. देवघर, कपाट, ओट्यावरची फळी अशा दोन-तीन मीटरच्या कामाला मी आजही 12 च घेईन. तुमची स्ट्रिप पाच मीटरच्या आत असेल आणि हात पोचत असेल तर क्लिप काढून जोड सोल्डर करून घ्या. कदाचित तेवढ्यानं भागेल. मला त्या अरुंद खाचेत सोल्डरिंगची सळई धरता येईना.

हॉलभर फिरवायची असेल तर 24 चा विचार जरूर करा. खर्च धरताना स्ट्रिप आणि ड्रायव्हर दोन्ही धरा. जुन्या 12 च्या स्ट्रिपला 24 चा ड्रायव्हर जोडलात तर ती जळेल. आणि ड्रायव्हरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा, त्याच्या एका बाजूला 230 व्होल्ट असतात.

जुन्या स्ट्रिपचे दोन मीटर मी जपून ठेवलेत. यंदा गणपतीच्या मखराला तेच लावले, एका अखंड तुकड्यात.