बाल्टिमोरची सीआयएए बास्केटबॉल टूर्नामेंट: जाऊन याच!

फेब्रुवारीअखेर लेकाला घेऊन बाल्टिमोरला सीआयएएच्या मॅचेस बघून आलो आणि अजून त्यातनं बाहेर आलेलो नाही. सीआयएए म्हणजे छोट्या, मुख्यतः कृष्णवर्णीय कॉलेजांची कॉन्फरन्स (आपापसात मॅचेस खेळणाऱ्या कॉलेजांचा गट), १९१२ पासूनची, आणि टूर्नामेंट सुरू झाली १९४६ ला वॉशिंग्टनच्या टर्नर्स अरीनात. पहिली फायनलच तीन ओव्हरटाइमपर्यंत गेली, जिंकली कोच जॉन मॅक्लेंडनच्या टीमने. हा माणूस कॅन्सासला खुद्द बास्केटबॉलचा जनक नेस्मिथकडे शिकला, पण काळा म्हणून त्याला कॉलेजच्या टीममधे खेळू दिलं नाही. हे लेकाला सांगताना माझाच आवाज बसला.

आणि ऐका, ज्या सीएफजी बँक अरीनात आपण बसतो ना तेच जुनं सिव्हिक सेंटर, म्हणजे सीआयएएतल्याच विन्स्टन-सेलम कॉलेजचा अर्ल मन्रो १९६७ ला कॉलेजला एनसीएएचं (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) टायटल मिळवून देऊन बाल्टिमोरच्या तेव्हाच्या टीमकडून, बुलेट्सकडून, एनबीए खेळायला आला तो इथेच!

शेजारच्या रांगेत सत्तरीच्या दोन मावश्या, कॉलेजचे जुने स्वेटर घालून, प्रत्येक बास्केटला उभ्या. हाफटाइमला एकीने लेकाच्या हातात पॉपकॉर्नचा डबाच ठेवला आणि कुठला खेळाडू कसा डावीकडूनच घुसतो ते समजावत बसली.

खाण्याच्या एका स्टॉलवर अर्धा तास लाइन होती, आमचा एक क्वार्टरएवढा खेळ हुकला, तेवढं सोडलं तर पैसा वसूल. वरच्या सीट्स घ्या, पूर्ण कोर्ट छान दिसतं, आणि विमेन्सच्या मॅचेसही सोडू नका.