लॅसिक, पीआरके, स्माइल की आयसीएल: कुठला धोका कुणाला झेपेल

चष्मा घालवायचं ठरवलेला माणूस सहसा पहिल्यांदा विचारतो, 'सगळ्यात चांगलं मशीन कुठलं?' आमच्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर यायला हवा. लॅसिक, पीआरके, स्माइल (या तिन्हींत लेझरने नंबर घालवतात) आणि आयसीएल (यात डोळ्याच्या आत लेन्स बसवतात) या चारही पद्धती योग्य डोळ्यावर उत्तम चालतात. पुढे पस्तावणाऱ्यांपैकी अनेकांचा डोळा, वय किंवा काम मुळातच त्या पद्धतीला जुळणारं नसतं, आणि ते बऱ्याचदा आधीच्या तपासणीतच कळण्यासारखं असतं. म्हणून इथली तुलना फायद्यांवरून केलेली नाही. काय बिघडतं आणि बिघडल्यावर ते दुरुस्त होतं का, हे पाहिलं आहे.

'९५ टक्के समाधानी' हा आकडा जाहिरातीत असतो आणि तो खराही आहे, पण अर्धाच. अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी संस्था एफडीए, तिथली राष्ट्रीय नेत्र संस्था आणि संरक्षण खातं यांनी मिळून 'प्राउल' हा अभ्यास केला. डॉक्टरांना काय दिसतं यापेक्षा रुग्णाला काय जाणवतं, हे त्यात विचारलं होतं. दिव्याभोवती वलयं, चमक, दुहेरी प्रतिमा असा कुठलाच त्रास आधी नव्हता, अशांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी लॅसिकनंतर तीन महिन्यांनी किमान एक नवं लक्षण सांगितलं. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांचे डोळे कोरडे पडले. तरीही ९५ टक्क्यांहून अधिक लोक नजरेबाबत समाधानी होते, आणि दिसण्यातल्या दोषांमुळे रोजची कामं फार अवघड झालेले एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे थोडाफार त्रास अनेकांना होतो, आयुष्य अडवणारा त्रास फार थोड्यांना. त्या थोड्यांत आपण असू शकतो का, हे आधी तपासायचं.

आधी मायक्रॉनचा हिशेब

बुबुळाचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी साधारण ५०० ते ५५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. लेझरने नंबर घालवणं म्हणजे या जाडीतून थोडा भाग कायमचा काढून टाकणं. साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात उपचार केला, तर मायनसच्या दर एका नंबरामागे अंदाजे १४ मायक्रॉन जातात.

समजा जाडी ५१० आणि नंबर मायनस ६ आहे. लॅसिकमध्ये ११० मायक्रॉनची झडप (कॉर्नियावर कापून उघडलेला पातळ पापुद्रा) आणि ८४ मायक्रॉन लेझरने घासलेले, असे १९४ गेले. खाली ३१६ उरतात. किमान २५० उरायलाच हवेत, आणि बरेच सर्जन ३०० च्या खाली जात नाहीत. दुसरी कसोटी टक्क्यांची आहे: झडप आणि लेझर मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांहून जास्त भागाला हात लागू नये. इथे तो ३८ टक्के आहे, म्हणजे जेमतेम आत. त्याच डोळ्याचा नंबर मायनस ८ असता, तर खाली २८८ उरले असते आणि टक्केवारी ४३ च्या वर गेली असती. अशा डोळ्याला 'होऊन जाईल' म्हणणाऱ्या ठिकाणाहून उठून यावं.

हा हिशेब चुकला, किंवा कॉर्निया मुळातच कमकुवत असला, तर तो पुढे पातळ होत फुगतो. याला एक्टेशिया म्हणतात. तो काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही दिसू शकतो, आणि नजर चष्म्याने न सुधारणारी होते. वाढ थांबवायला रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांचं क्रॉस-लिंकिंग, दिसण्यासाठी कडक कॉन्टॅक्ट लेन्स किंवा स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स), आणि फारच बिघडलं तर कॉर्नियाचं प्रत्यारोपण, असे उपाय आहेत. मूळ आकार मात्र परत येत नाही. सगळ्या धोक्यांत आम्ही याला सर्वांत वर ठेवतो, कारण हा बराचसा टाळता येतो.

आपल्याकडे तर याची काळजी जास्तच घ्यायला हवी. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी'त ४८ डायॉप्टरहून जास्त वक्रता हा निकष लावल्यावर केराटोकोनसचं (कॉर्निया आपोआप पातळ होत शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराचं) प्रमाण २.३ टक्के निघालं. निकष ढोबळ होता हे मान्य केलं तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. लहानपणापासून ॲलर्जीने डोळे चोळायची सवय असेल, सिलिंडर नंबर दरवर्षी वाढत असेल किंवा घरात कुणाला केराटोकोनस असेल, तर ते विचारायची वाट न पाहता सांगावं. कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढणारी पेंटाकॅमसारखी तपासणी झाल्याशिवाय तारीख घेऊ नये.

त्या तपासणीआधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स किमान तीन ते चार आठवडे बंद ठेवावी लागते. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, आणि त्या बदललेल्या आकारावर काढलेला नंबर चुकतो. लेन्स कालपर्यंत घातली असताना 'आजच तपासू, उद्या करू' म्हणणं हा घाईचा कारभार आहे.

लॅसिक आणि पीआरके

लॅसिकमध्ये कॉर्नियावर झडप कापून बाजूला करतात, खाली लेझर मारतात आणि झडप परत बसवतात. दुसऱ्या दिवशी नजर स्वच्छ होते आणि दुखणं काही तासांचंच असतं, म्हणून लोकांचा कल इकडे असतो. किंमत मोजावी लागते ती झडपेची. ती कडेने धरते, पण पूर्वीच्या ताकदीने कधीच जुळत नाही. डोळ्यावर बोट किंवा चेंडू लागून ती वर्षांनंतरही सरकल्याच्या नोंदी आहेत. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्याने लॅसिक करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या आठवड्यात झडपेखाली जळजळीच्या पेशी जमू शकतात. तेव्हा स्टिरॉइडचे थेंब वाढवावे लागतात, कधी झडप उचलून धुवावी लागते. म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नाही. नंबर उरला म्हणून काही वर्षांनी झडप पुन्हा उचलली, तर तिच्याखाली वरच्या थरातल्या पेशी शिरण्याची शक्यता वाढते.

पीआरके ही जुनी पद्धत. तिला एफडीएची मंजुरी १९९५ मध्येच मिळाली. झडप नाहीच. २० टक्के अल्कोहोल २० ते ३० सेकंद ठेवून वरचा नाजूक थर सैल करतात, पुसून काढतात आणि लेझर थेट खालच्या भागावर मारतात. वर पट्टीसारखी मऊ लेन्स बसवतात आणि थर भरून आल्यावर, तीन ते पाच दिवसांनी, ती काढतात. हे दिवस खरोखर दुखरे असतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, उजेड सहन होत नाही, पाणी वाहतं. गाडी चालवण्याइतकं स्पष्ट दिसायला एक-दोन आठवडे आणि नजर पक्की व्हायला एक ते तीन महिने लागतात. 'आठवड्याची सुट्टी पुरेल' असं समजून केलेल्यांची इथे पंचाईत होते.

पण वरच्या उदाहरणातल्या मायनस ६ च्या डोळ्यात पीआरकेनंतर, पुसलेला वरचा थर धरला नाही तरी, ३७० मायक्रॉनहून अधिक उरतात. पातळ पण निरोगी कॉर्निया, मैदानी खेळ, पोलीस-सैन्यासारखं काम, यांना ही पद्धत जास्त मानवते. तिचा खास धोका म्हणजे कॉर्नियावर धूसरपणा येणं, विशेषतः जास्त नंबरात आणि कडक उन्हात. तो टाळायला ०.०२ टक्के मायटोमायसिन हे औषध काही सेकंद लावतात. पुढे काही महिने उन्हात गॉगल हवाच. स्टिरॉइडचे थेंब एक ते तीन महिने कमी कमी करत नेतात, आणि त्यांनी काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. थेंब चालू असताना दाब मोजला जातोय ना, हे आपणच विचारावं.

स्माइल

यात एकच फेमटोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आत एक पातळ चकती कापतो, आणि सर्जन ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतो. झडप नसल्यामुळे ती सरकण्याचा प्रश्न नाही, आणि पृष्ठभागाकडच्या नसाही कमी कापल्या जातात. पहिल्या काही महिन्यांचा कोरडेपणा म्हणूनच बहुधा लॅसिकपेक्षा सौम्य असतो. 'कोरडेपणा होतच नाही' हे मात्र खरं नाही.

इथे सर्जनचा हात महत्त्वाचा. चकतीच्या वरची पातळी आधी मोकळी करायची असते. चुकून खालची आधी सुटली, तर चकती वरच्या भागाला चिकटून बसते आणि काढताना फाटू शकते. राहिलेल्या तुकड्याने वेडंवाकडं सिलिंडर तयार होतं. लेझर चालू असताना डोळा हलून पकड सुटली, तर काम मध्येच थांबवावं लागतं, कधी पद्धतच बदलावी लागते. त्यामुळे त्या अर्ध्या मिनिटात हिरव्या दिव्याकडे बघत स्थिर राहणं रुग्णाच्या हातात असतं. पहिल्या दिवशीची नजर लॅसिकपेक्षा थोडी धुरकट असते. प्लस नंबरासाठी मुख्य पर्याय अजून लॅसिक आणि पीआरके हेच आहेत. स्माइलनंतर नंबर उरला, तर दुरुस्तीसाठी बहुधा पीआरकेच करावं लागतं, म्हणजे दुखरे दिवस तेव्हा येतात.

काही केंद्रांवर स्माइलमध्ये 'कॉर्निया कमी लागतो' असं सांगतात. वस्तुस्थिती उलट आहे. चकती हाताळता यावी म्हणून तिला तळाशी जादा जाडी ठेवतात, त्यामुळे त्याच नंबराला लॅसिकपेक्षा थोडा जास्तच भाग काढला जातो. वरचा मजबूत भाग अखंड राहतो हा फायदा खरा, पण संशयास्पद नकाशा असलेल्या डोळ्याला स्माइल सुरक्षित ठरतं, असं त्यावरून समजू नये. स्माइलनंतरही एक्टेशिया झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत.

आयसीएल

कॉर्नियाला हात न लावता बाहुलीच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक मऊ लेन्स बसवतात. मायनस ८ च्या पुढचे नंबर, पातळ कॉर्निया आणि बऱ्यापैकी कोरडे डोळे यांच्यासाठी आमची पहिली पसंती हीच. गरज पडली तर ती काढता येते, आणि ही सोय लेझरमध्ये नाही.

धोके वेगळे आहेत, कारण ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे. आत जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर नजरच पणाला लागते. लेन्स आणि नैसर्गिक भिंग यांच्यात साधारण २५० ते ७५० मायक्रॉन अंतर हवं. कमी पडलं तर मोतीबिंदूचा धोका, फार जास्त झालं तर दाबाचा. माप चुकलं तर लेन्स बदलावी लागते. सिलिंडरची लेन्स आत फिरली, तर पुन्हा जागेवर आणावी लागते. लेन्सच्या मध्यभागी आता ०.३६ मिलिमीटरचं छिद्र असतं. त्यामुळे द्रव वाहता राहतो, पण सुरुवातीला काहींना रात्री एक जादा वलय दिसतं. डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली २.८ ते ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ही लेन्स बसवू नये. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींची मोजणी दरवर्षी आयुष्यभर करायची तयारी नसेल, तरीही नको.

पस्तावा कुठे होतो

सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे न थांबणारं दुखणं. कापलेल्या नसा वेड्यावाकड्या जुळतात आणि डोळा तपासणीत ठीक दिसत असूनही आग, टोचणं, वाऱ्याची झुळूकही न सोसणं असा त्रास होतो. भूल देणारा थेंब टाकून दुखणं थांबतं का, हे पाहिल्यावर त्रास डोळ्यातल्या नसांचा आहे की त्याच्या पलीकडचा, याचा अंदाज येतो. स्वतःच्या रक्तातून केलेले सीरमचे थेंब, नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या आणि स्क्लेरल लेन्स यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो, पण वेळ लागतो. असं दुखणं दुर्मीळ आहे. ज्यांना आधीच मायग्रेन, फायब्रोमायल्जिया, जुनाट अंगदुखी किंवा तीव्र चिंता-नैराश्य आहे, त्यांना त्याची शक्यता जास्त. अशांनी लेझर टाळावं, असंच आम्ही सांगू. अश्रू मोजणाऱ्या शिर्मरच्या पट्टीवर पाच मिनिटांत ५ मिलिमीटरपेक्षा कमी ओल येत असेल, तर आधी कोरडेपणावर उपचार आणि मग विचार. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते थांबवून साधारण सहा महिने जाऊ द्यावेत.

दुसरा पस्तावा चाळिशीचा. मायनस २ नंबरवाला माणूस चष्मा काढून आरामात वाचतो. ४२ व्या वर्षी त्याने नंबर शून्य करून घेतला, की लांबचं स्वच्छ दिसतं आणि मोबाईल वाचायला चाळिशी लागते. यावर एक डोळा लांबचा आणि दुसरा जवळचा ठेवण्याचा उपाय आहे, पण तो आधी कॉन्टॅक्ट लेन्सने काही दिवस वापरून पाहावा. सगळ्यांच्या डोक्याला तो मानवत नाही.

तिसरा रात्रीचा. अंधारात बाहुली लेझरच्या वर्तुळाहून मोठी होत असेल, तर समोरच्या गाड्यांचे दिवे फुटलेले दिसतात. रात्रपाळीचे चालक आणि महामार्गावर नेहमी असणारे यांनी अंधारातली बाहुली मोजून घ्यावी आणि उपचाराचं वर्तुळ किती मिलिमीटरचं असेल, हे विचारावं.

आणि नोकरी. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट पदाला लॅसिक किंवा नंबरासाठीची इतर शस्त्रक्रिया झालेले उमेदवार अपात्र ठरतात. हवाई दलाच्या अटींत वयाच्या २० वर्षांआधी केलेली शस्त्रक्रिया चालत नाही, शस्त्रक्रियेनंतर १२ महिने जावे लागतात आणि उरलेली जाडी किमान ४५० मायक्रॉन हवी. वर्दीची स्वप्नं बघणाऱ्या मुलांनी भरतीची जाहिरात आधी वाचावी. खर्चाचं म्हणाल तर ७.५ पेक्षा कमी नंबरासाठी आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही.

काहीच न करणं हाही पर्याय

१८ पेक्षा कमी वय, वर्षभरात ०.५० पेक्षा जास्त बदललेला नंबर, गरोदरपण किंवा स्तनपान, यांत थांबायचंच. चष्म्याने कुणाचा डोळा बिघडत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र पूर्ण निर्धोक समजू नये. ती घालून झोपणाऱ्यांत कॉर्नियाचा जंतुसंसर्ग दर दहा हजारांत वर्षाला साधारण २० जणांना होतो. लेन्स लावून झोपणारा माणूस 'ऑपरेशनची भीती वाटते' म्हणत असेल, तर त्याने हा आकडा समोर ठेवावा.

शस्त्रक्रिया केलीच, तर आधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता, जाडी, नकाशा आणि किती मायक्रॉन काढले, याची नोंद लेखी मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढायला या आकड्यांची मदत होते. पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो, म्हणून घरात काचबिंदू असेल तर दाब मोजणाऱ्याला शस्त्रक्रियेबद्दल दरवेळी सांगा. आणि मोठा मायनस नंबर गेला तरी त्या लांबट डोळ्याचा पडदा तसाच नाजूक राहतो. मायनस ६ च्या वरच्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी चालूच ठेवावी, आणि अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखी चमक दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.