रिस्टोअर केलेली ईम्स एलसीडब्ल्यू खुर्ची, दोन महिने वापरून

मिशिगनमध्ये आल्यापासून जुनी एलसीडब्ल्यू (लाउंज चेअर वूड, ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याची प्लायवूडची खुर्ची) घ्यायचं डोक्यात होतं, शेवटी एका रिस्टोरेशनवाल्याकडून घेतली, अक्रोडाची, 1950 च्या आसपासची, खाली हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचं लेबल अर्धं फाटलेलं पण वाचता येतं.

या खुर्चीचं जुनं दुखणं म्हणजे रबर. पाठ आणि सीट रबराच्या चकत्यांवर बसवलेली असते, म्हणून टेकलं की पाठ किंचित लवते आणि कडक लाकूड असूनही टोचत नाही. पण एवढ्या वर्षांत रबर कडक होतं, चिकटवलेलं सुटतं, आणि कधीकधी विनिअरचा, म्हणजे वरच्या पातळ लाकडी थराचा, टवका घेऊनच येतं. रिस्टोरेशनवाल्याने चकत्या नव्या लावल्यात आणि लाकडाला फारसा हातच लावला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. वरचा थर इतका पातळ की पॉलिशपेपर जरा जास्त फिरला तर खालचा प्लाय दिसायला लागतो, मग काही इलाज नाही. सीटवर कपाचा गोल डाग आहे, काढू का असं त्याने विचारलं, मी नको म्हटलं.

चार्ल्स आणि रे ईम्सना खरं तर पाठ-सीट एकसंध हवी होती, पण प्लाय दोन्ही दिशांनी वाकवला की वळणावर तडकायचा, म्हणून तुकडे वेगळे केले. लॉस एंजेलिसच्या फ्लॅटमध्ये घरीच बनवलेल्या साच्यात सायकलच्या पंपाने हवा भरून प्लाय दाबायचे दोघं! मग युद्धात नौदलासाठी प्लायच्याच पायाच्या स्प्लिंट (जखमी पायाला बांधायच्या आधारपट्ट्या) केल्या, आणि तो हात बसल्यावर 1946 ला ही खुर्ची बाजारात आली. 1999 ला टाइम मासिकाने हिला शतकातलं सर्वोत्तम डिझाइन म्हटलं. आणि हेच दोघं 1958 ला भारत सरकारसाठी रिपोर्ट लिहितात, त्यात आपल्या साध्या लोट्याचं मनापासून कौतुक करतात, त्यातून पुढे 1961 ला अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहते. मला ही खुर्ची परकी वाटतच नाही ती त्यामुळे.

तक्रारी दोन. स्क्रू नवे चकचकीत टाकलेत, जुन्या लाकडाशेजारी लगेच डोळ्यात भरतात, जुने सांभाळून ठेवायला हवे होते. आणि खालच्या बाजूचे फोटो तीनदा मागितल्यावर मिळाले. तुम्ही घेणार असाल तर तेच फोटो आधी मागा, चकत्या कुठे चिकटवल्यात ते तिथेच दिसतं.

आणि हो, सीट बरीच बुटकी आहे, आईला बसल्यावर हात दिल्याशिवाय उठवत नाही.