पार्तागास लुसितानिया : सावकाश ओढण्याची सिगार

पार्तागास लुसितानिया घेणाऱ्याने किमतीच्या आधी घड्याळाचा विचार करावा. हिची लांबी १९४ मिलिमीटर, म्हणजे वीतभराला थोडीच कमी, आणि रिंग गेज ४९. हे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात, त्यामुळे जाडी साधारण साडेएकोणीस मिलिमीटर भरते. क्यूबाच्या राजधानीत, हवानात, कापितोलिओ या घुमटाच्या इमारतीच्या मागे पार्तागास कंपनीच्या जुन्या कारखान्याची इमारत आहे व तिच्या दर्शनी भागावर १८४५ हे साल आहे. ती पाहून आलो त्याच संध्याकाळी, मुक्कामाच्या घराच्या अंगणात, पोटभर जेवण झाल्यावर मी ही सिगार पेटवली. जेवणाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण रिकाम्या पोटी एवढी सिगार ओढल्यास घेरी येण्याचा संभव असतो.

माझे बालपण निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या शेजारी गेले. तिथला जर्दा नाकाला झोंबतो; ही सिगार न पेटवता हुंगली तेव्हा मात्र वास आला तो सुकत आलेल्या गवताचा आणि लाकडी पेटीचा. बिडीत चुरा असतो, तर हिच्यात अखंड पाने लांबीत घातलेली असतात. त्यांपैकी झाडाच्या शेंड्याकडची जाड पाने, ज्यांना लिखेरो म्हणतात, कडक असून सावकाश जळतात, म्हणून ती मधोमध ठेवतात.

पहिला तिसरा हिस्सा सौम्य, भाजलेल्या चण्यासारखा लागला आणि खरे सांगायचे तर थोडा निराश करून गेला. त्यात दोष माझाही होता. बिडी सतत ओढली नाही तर विझते, त्या सवयीने मी भराभर झुरके घेतले, निखारा तापला आणि धूर कडवट झाला. चार मिनिटे सिगार तशीच ठेवली, मग मिनिटाला एकच झुरका, तोही तोंडातच खेळवून सोडायचा, असा नेम धरला. मधल्या हिस्स्यात तिने रंग दाखवला : कोऱ्या कॉफीचा कडसरपणा, मागून जिभेवर रेंगाळणारी मिरी, आणि क्वचित एखाद्या झुरक्याला जायफळाची चाहूल. समुद्रावरच्या वाऱ्याने एक बाजू पुढे जळत गेली, पण करडी राख दोन बोटे वाढूनही पडली नाही. इतकी घट्ट राख नीट वळलेल्या अखंड पानांचीच असते.

शेवटचा हिस्सा जड आहे. बोटांना ऊब जाणवू लागली तेव्हा मी ती रक्षापात्रात ठेवून दिली. सिगार चिरडून विझवायची नसते, आपोआप विझू द्यायची असते. तोवर दोन तास होत आले होते. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, म्हणून मी हा शौक वर्षातून एकदाच करतो. प्रथमच क्यूबन सिगार ओढणाऱ्याने याच कंपनीची सेरी डी नंबर ४ घ्यावी. ती १२४ मिलिमीटरची असून अर्ध्या-पाऊण तासात आटोपते.